कॅसरोलसाठी कॅन उघडला, आता आतलं पाणी काढायचं की ठेवायचं? अमेरिकेत नवीन आलेल्यांसाठी

अमेरिकेत नवीन आलात आणि ऑफिसच्या किंवा युनिव्हर्सिटीच्या पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) तुमच्या वाट्याला कॅसरोल आलं, तर रेसिपी दोन मिनिटात सापडते, खरी अडचण येते ती ओट्यापाशी. रेसिपीत लिहिलेलं असतं "२ कॅन ग्रीन बीन्स" आणि पुढे काहीच नाही. कॅन उघडून बघावं तर बीन्स पाण्यात बुडलेल्या. ते पाणी भांड्यात घालायचं की सिंकमध्ये ओतून द्यायचं? विचारायला लहानसा प्रश्न वाटतो, पण कॅसरोल नीट जमणार की चमच्यातून खाली गळणार हे बहुतेक वेळा इथेच ठरतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितोय. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे कॅसरोल म्हणजे आपला पोळ्या गरम ठेवायचा डबा नाही, भाजी, सॉस, चीज, भात किंवा पास्ता असं सगळं एका पसरट भांड्यात घालून ओव्हनमध्ये भाजतात आणि त्याच भांड्यातून वाढतात, तो पदार्थ.)

आपल्याकडे शिजवलेलं पाणी टाकून द्यायला हात धजावत नाही, आणि ते चांगलंच आहे. पण पुरणाचं आठवा. डाळ शिजली की कट काढतो, त्याची आमटी करतो, पण तो कट कोणी परत पुरणात ओतत नाही, कारण पुरण सैल झालं की पोळी लाटताना फुटते. कॅसरोलचं गणित अगदी तेच. पाणी वाईट आहे म्हणून काढायचं नसतं, त्या पदार्थात त्याला जागा नाही म्हणून काढायचं असतं. आणि ज्या पदार्थात जागा असते तिथे काढलं तर कॅसरोल कोरडं ठक्क होतं. म्हणजे "नेहमी काढा" हाही नियम नाही आणि "कधीच टाकू नका" हाही नाही. मी स्वतः प्रत्येक कॅनला दोनच प्रश्न विचारतो, हे ओलं नक्की कसलं आहे, आणि भांड्यात ते पिणारं कोणी आहे का.

पहिलं काम: रेसिपी आणि लेबल दोन्ही वाचा

अमेरिकन रेसिपीत सामानाच्या यादीतच, नावापुढे स्वल्पविराम देऊन एक छोटा शब्द टाकलेला असतो आणि नेमका तोच नजरेतून सुटतो. "ड्रेन्ड" लिहिलं असेल तर पाणी काढायचं, "ड्रेन्ड अँड रिन्स्ड" म्हणजे काढून वर नळाखाली धुवायचं, "अनड्रेन्ड" किंवा "विथ ज्यूस" म्हणजे सगळं घालायचं, आणि "रिझर्व्ह लिक्विड" असेल तर काढायचं पण वाटीत बाजूला ठेवायचं, पुढे कुठेतरी लागणार आहे. रेसिपीत यातलं काही लिहिलं असेल तर तेच करा, कारण लिहिणाऱ्याने दुधाचं, अंड्याचं, पिठाचं माप त्या हिशोबाने बसवलेलं असतं. खालचं सगळं आहे ते रेसिपी गप्प असेल तेव्हासाठी.

आता कॅन उलटा करून लेबल बघा. पुढे लिहिलेलं वजन हे बहुतेक कॅनवर पाण्यासकट असतं, हे नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. ग्रीन बीन्सचा नेहमीचा कॅन १४.५ औंसाचा म्हणजे ४११ ग्रॅमचा, पण निथळल्यावर हातात बीन्स उरतात जेमतेम त्याच्या निम्म्याहून थोड्या जास्त, बाकी साधारण पाऊण कप पाणी. दोन कॅन घेतले तर दीड कपाच्या आसपास पाणी झालं की! त्यामुळे रेसिपीत "४ कप शिजलेल्या बीन्स" असं लिहिलेलं असेल तर कॅनवरचे औंस बघून हिशोब करू नका, निथळून कपाने मोजा.

मग सामानाची यादी. फक्त "पाणी, मीठ" असेल तर ते खारं पाणी आहे, म्हणजे ब्राइन. "टोमॅटो ज्यूस" असेल तर तो त्या टोमॅटोचाच रस. फळांवर "हेवी सिरप" लिहिलं असेल तर साखरेचा पाक. ट्यूनावर "इन वॉटर" की "इन ऑइल" ते बघा. हे एवढं वाचलं की पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालंच.

पाणी पिणार कोण?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. भांड्यात कच्चा तांदूळ असेल, कच्चा पास्ता असेल, ब्रेडचे तुकडे किंवा मक्याचं कोरडं पीठ असेल तर ते पाणी ओढून घेणार. पण सगळं आधीच शिजलेलं असेल, शिजलेल्या नूडल्स, कॅनमधल्या भाज्या, शिजलेलं चिकन, तर जास्तीचं पाणी जाणार कुठे? थोडं वाफ होऊन उडतं, बाकीचं तळाशी साचतं आणि सॉस पातळ करतं. क्रीम सूपमध्ये (कॅनमधलं घट्ट सूप, कॅसरोलचा सॉस बहुतेक वेळा याचाच करतात) घट्टपणासाठी मैदा आणि स्टार्च घातलेला असतो आणि तो ठराविक ओलाव्यापुरताच असतो, त्याच्या दुप्पट पाणी ओतलं तर तो बिचारा काय धरून ठेवणार. शिवाय खालून वाफ सतत वर येत राहिली की वरचा कुरकुरीत थर, मग तो तळलेला कांदा असो, क्रॅकर्सचा चुरा असो की बटाट्याचे टेटर टॉट्स, मऊ पडतो. मिनेसोटा, नॉर्थ डकोटा त्या बाजूला याच पदार्थांना हॉटडिश म्हणतात आणि तिथलं टेटर टॉट हॉटडिश तर सगळं वरच्या कुरकुरीत थरावर उभं असतं, त्यात मका किंवा बीन्स पाण्यासकट घातल्या तर टॉट्सचा लगदा होतो.

आणि मीठ. हे मी मुद्दाम सांगतो कारण आपण चवीला म्हणून वरून मीठ घालतोच. साध्या कॅनमधल्या ग्रीन बीन्सच्या अर्ध्या कपात ३०० ते ४०० मिलिग्रॅम सोडियम असणं नेहमीचं आहे, कंडेन्स्ड मश्रूम सूपच्या अर्ध्या कपात ते ८०० च्याही पुढे जातं, आणि इथल्या लेबलवरची दिवसाची मर्यादा आहे २३०० मिलिग्रॅम. राजमा, छोले, ब्लॅक बीन्स नुसते निथळले तरी सोडियम साधारण एक तृतीयांशाने कमी होतं, वर धुतले तर ४० टक्क्यांच्या आसपास. घरात कोणाला बीपीचा त्रास असेल, आईबाबा सहा महिन्यांसाठी आलेले असतील, तर हे कराच. "नो सॉल्ट ॲडेड" लिहिलेले कॅनही मिळतात, मी शक्यतो तेच घेतो, मीठ आपल्याला घालता येतं, काढता येत नाही.

निथळायचं कसं

कॅनचं झाकण आधी धुवा आणि पुसा, दुकानात आणि गोदामात त्यावर धूळ बसलेली असते आणि ओपनर फिरवताना ती आत जाते. चाळणी सिंकमध्ये एका भांड्यावर ठेवा, मोठी चाळणी नसेल तर भारतातून आणलेली रोवळी चालते, पण मक्याचे दाणे किंवा बारीक चिरलेल्या मिरच्या असतील तर बारीक भोकांची चाळण घ्या. कॅन एकदम उपडा करा, हलक्या हाताने एकदा हलवा आणि दोन मिनिटं तसंच राहू द्या. दोन मिनिटं हा आकडा उगाच नाही, कॅनमधल्या मालाचं निथळलेलं वजन तपासतानाही चाळणीवर दोन मिनिटंच ठेवतात. घाईत झाकण थोडं उघडून पाणी ओतून दिलं तर बरंच पाणी भाजीला चिकटून आत राहतं. फक्त ट्यूना किंवा कॅनमधलं चिकन असेल तर कापलेलं झाकणच आत दाबून पाणी पिळून काढता येतं, तिथे चाळणीची गरज नाही, झाकणाची कड मात्र सांभाळा, ती फार धारदार असते. आणि ट्यूनाचं तेल सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो, पेपर टॉवेलमध्ये टिपून कचऱ्यात टाका.

धुवायचं फक्त ब्लॅक बीन्स, राजमा, छोले, हॉमिनी (सालं काढलेले मक्याचे मोठे दाणे) आणि वॉटर चेस्टनट (शिंगाड्यासारखा कुरकुरीत कंद) एवढ्यांनाच. या कडधान्याच्या बीन्सचं पाणी चिकट असतं कारण त्यात त्यांच्यातून सुटलेला स्टार्च असतो, ते धुतल्याने कॅसरोल करडट दिसत नाही. भाजी, मश्रूम वगैरे धुवत बसलात तर उरलीसुरली चवही जाते, नुसतं निथळा.

सर्वात उपयोगी सवय म्हणजे काढलेलं पाणी लगेच फेकून न देणे. एका कपात धरून ठेवा, मिश्रण कालवून भांड्यात ओतून होईपर्यंत. घट्ट वाटलं तर त्यातलं दोन चमचे घालता येतं. एकदा घातलेलं पाणी मात्र परत बाहेर काढता येत नाही, म्हणून शंका असेल तेव्हा आधी निथळा.

ग्रीन बीन कॅसरोल, कारण पहिलं बहुतेक हेच करायला लागतं

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं आणि त्या जेवणात हे कॅसरोल खूप घरांमध्ये असतंच. १९५५ साली न्यू जर्सीतल्या कॅम्डेनला कॅम्पबेल सूप कंपनीच्या टेस्ट किचनमध्ये डॉर्कस रायली यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर ते तयार केलं, घरात नेहमी असणाऱ्या वस्तूंतूनच व्हावं आणि सामान कमी लागावं हा उद्देश. म्हणजे पदार्थ जन्मालाच आला तो कॅनमधून, त्यामुळे कॅनचं पाणी हा विषय इथे टाळताच येत नाही.

सामान असं: कंडेन्स्ड क्रीम ऑफ मश्रूम सूपचा एक १०.५ औंसाचा कॅन, अर्धा ते पाऊण कप दूध, एक टीस्पून सोया सॉस, मिरपूड, ग्रीन बीन्सचे दोन कॅन आणि कॅनमध्येच मिळणारा कुरकुरीत तळलेला कांदा एक आणि एक तृतीयांश कप. बीन्स निथळायच्या, नक्की निथळायच्या. दूध अर्धा-पाऊण कप आणि बीन्सचं पाणी दीड कप, म्हणजे न निथळता घातलं तर दुधाच्या दुप्पट ते तिप्पट खारं पाणी गेलं.

सूपचं मात्र उलटं. त्यात गाळण्यासारखं काही नसतं, सगळा गोळा चमच्याने खरवडून घ्यायचा. आणि कॅनवर "एक कॅन पाणी घाला" असं लिहिलेलं असतं ते सूप म्हणून प्यायचं असेल तेव्हासाठी, कॅसरोलमध्ये ते पाणी घालायचं नाही, दूध घातलं तेवढं बास. नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो, कारण एकाच ओट्यावर एका कॅनचं पाणी काढायचं असतं आणि दुसऱ्यावर छापलेलं पाणी घालायचं नसतं.

सूप, दूध, सोया सॉस, मिरपूड आधी नीट एकजीव करा, मग बीन्स आणि निम्मा तळलेला कांदा. मिश्रण चमच्यावर थांबलं पाहिजे, चमचा तिरका केला की सावकाश घसरलं पाहिजे, सरकन ओघळलं तर पातळ आहे. दीड क्वार्टच्या (साधारण १.४ लिटरच्या) भांड्यात ओतून ३५० डिग्री फॅरनहाइटला २५ ते ३० मिनिटं, कडेने बुडबुडे यायला लागले की उरलेला कांदा वर पसरायचा आणि आणखी ५ मिनिटं. कांदा आधीच वर पसरून ठेवू नका, जळतो. मी यात दोन हिरव्या मिरच्या आणि थोडी जिरेपूड घालतो आणि ऑफिसमधले अमेरिकन लोकही आवडीने खातात, तुम्ही पण घाला बिनधास्त, फक्त मीठ घालण्याआधी चव बघा, सूप आणि सोया सॉसमध्ये भरपूर असतं.

फ्रोझन बीन्स वापरल्या तर त्याही आधी शिजवून निथळा, बर्फाचं पाणी कमी नसतं. ताज्या फरसबीचंही तेच, उकळून, पाणी काढून, मगच मोजायची.

कॉर्न कॅसरोल, एकाच पदार्थात दोन्ही नियम

शिकायचंच असेल तर मी म्हणेन हे करा, कारण यात मक्याचे दोन कॅन लागतात आणि दोघांना वेगळी वागणूक. एक कॅन अख्ख्या दाण्यांचा, साधारण १५ औंसाचा, तो निथळायचा. दुसरा क्रीम्ड कॉर्नचा, तेवढाच, तो आहे तसा सगळा घालायचा. क्रीम्ड कॉर्नमध्ये वेगळं असं पाणी नसतं, वाटलेला मका आणि त्याचा दाटसर रस असतो, आणि तोच या पदार्थाला ओलं ठेवतो. तो चाळणीत ओतला तर निम्मा मालच सिंकमध्ये जाईल!

त्यात कॉर्न मफिन मिक्सचा ८.५ औंसाचा एक खोका, एक कप सावर क्रीम, अर्धा कप वितळलेलं बटर म्हणजे इथली एक स्टिक, आणि दोन अंडी. सगळं कालवून ३५० डिग्रीला ४५ मिनिटं ते तासभर, वरून सोनेरी झालं आणि मध्यभागी हलवल्यावर डुचमळत नाही असं दिसलं की झालं. इथे मिक्समधलं कोरडं पीठ पाणी पिणारं आहे खरं, पण क्रीम्ड कॉर्न, सावर क्रीम आणि अंडी मिळून त्याला पुरेसं ओलं देऊन झालेलं असतं, म्हणून दाण्यांचं पाणी नको. ते घातलं तर कडा शिजतात आणि मधलं कच्चं राहतं, मग अजून भाजावं तर कडा करपतात.

टोमॅटो, हिरव्या मिरच्या, एनचिलाडा वगैरे

आपल्याला जिभेला जवळचं वाटणारं कॅसरोल म्हणजे टेक्सासकडचं किंवा मेक्सिकन पद्धतीचं, ब्लॅक बीन्स, मका, टोमॅटो, कॉर्न टॉर्टिया आणि वर चीज. इथे टोमॅटोचा रस काढायचा नाही. तो पाणी नव्हे, चव आहे, आणि टॉर्टियाचे तुकडे तो ओढून घेऊन मऊ होतात. टोमॅटो आणि हिरव्या मिरच्या एकत्र असलेला १० औंसाचा छोटा कॅन मिळतो तोही आहे तसाच घालायचा. नुसत्या चिरलेल्या हिरव्या मिरच्यांचा ४ औंसाचा कॅनही आहे तसाच, त्यात पाणी असतं किती. एनचिलाडा सॉस (मेक्सिकन पद्धतीचा मिरचीचा सॉस) तर सॉसच. पण ब्लॅक बीन्स निथळून धुवायचे, मका निथळायचा. म्हणजे पाच कॅन उघडले तर दोन चाळणीत आणि तीन सरळ भांड्यात.

एक अपवाद. टॉर्टिया न घालता शिजलेला भात किंवा शिजलेला पास्ता घालणार असाल आणि त्यातच क्रीम सूपही असेल, तर टोमॅटोचा रस गाळून वाटीत ठेवा आणि लागेल तेवढाच घाला. शिजलेला भात रस पितो पण थोडाच, आणि मग खिचडीसारखा मऊ होतो. डाइस्ड टोमॅटोच्या फोडी बहुतेक ब्रँडमध्ये कॅल्शियम क्लोराइड घालून टणक ठेवलेल्या असतात, त्या भाजूनही फारशा विरघळत नाहीत आणि रस घट्ट करत नाहीत. सॉससारखं मिळून यायला हवं असेल तर क्रश्ड टोमॅटो घ्या.

कच्चा तांदूळ किंवा पास्ता असेल तर

इथे सगळं उलटतं, आता कॅनमधलं ओलं हे मापातलं पाणी आहे. एक कप साधा लांब दाण्याचा तांदूळ ओव्हनमध्ये फॉइलने घट्ट झाकून शिजवायचा तर साधारण दोन कप ओलं लागतं. टोमॅटोचा १४.५ औंसाचा कॅन घातला तर आधी त्याचा रस मापाच्या कपात गाळा, बघा किती निघाला, पाऊण कप निघाला तर वरून सव्वा कप पाणी किंवा ब्रॉथ, एकूण दोन. अंदाजाने ओतू नका, मोजा. आणि हे सगळं ओलं उकळतं गरम करून घाला, थंड घातलं तर भांडं तापायलाच वीस मिनिटं जातात आणि वरचा तांदूळ टचटचीत राहतो. बीन्सचं खारं पाणी मात्र इथेही मापात धरू नका, भात खारट होतो. "नो सॉल्ट ॲडेड" कॅन असेल तर चालेल, त्यातला स्टार्च चांगलाच लागतो.

कच्च्या पास्त्याच्या रेसिपीत सहसा सगळं ओलं मोजून दिलेलं असतं, तिथे स्वतःची अक्कल न लावता ती रेसिपी तशीच पाळा.

बाकीचे कॅन पटापट

मश्रूम निथळा. गाजर, मटार, ॲस्परॅगस निथळा, कॅनमधला ॲस्परॅगस फार मऊ असतो म्हणून चाळणीत हलवू नका. पालक असेल तर निथळून वर हाताने पिळा. ट्यूना नूडल कॅसरोलला पाण्यातला ट्यूना दाबून कोरडा करायचा. भोपळ्याचा गर आहे तसा. इव्हॅपोरेटेड मिल्क आहे तसं, पण ते आणि स्वीटन्ड कंडेन्स्ड मिल्क शेल्फवर शेजारी ठेवलेले असतात आणि कॅन दिसायलाही सारखे, एक बिनसाखरेचं आणि दुसरं म्हणजे आपलं मिल्कमेड, नीट बघून उचला.

रताळ्याचं कॅसरोल थँक्सगिव्हिंगला असतंच. कॅनवर "यॅम्स" लिहिलेलं असतं, आत असतात नारिंगी रताळी, पाकात. पाक काढा, कारण रेसिपीत ब्राउन शुगर असते आणि वर मार्शमेलो, सगळं मिळून फार गोड होतं. पाव कप पाक वाटीत ठेवा, कुस्करताना कोरडं वाटलं तर लागतो. दक्षिणेकडच्या राज्यांत अननस आणि चेडर चीजचं कॅसरोल करतात, ऐकायला विचित्र वाटलं तरी एकदा खाऊन बघाच, त्यात अननस निथळतात पण पाच-सहा टेबलस्पून रस बाजूला ठेवून पीठ त्यात कालवतात. उरलेला रस पिऊन टाका.

शाकाहारी लोकांनी लेबल दोनदा वाचावं

पाण्याच्या निमित्ताने लेबल हातात आहेच तर हेही बघा. बेक्ड बीन्समध्ये पुष्कळदा पोर्क असतं, रिफ्राइड बीन्समध्ये लार्ड म्हणजे डुकराची चरबी असू शकते (त्यांच्यावर "व्हेजिटेरियन" स्पष्ट लिहिलेला कॅन मिळतो तो घ्या), वूस्टरशर सॉसमध्ये सहसा अँकोव्ही मासे असतात, आणि मार्शमेलोमध्ये जिलेटिन, तेव्हा रताळ्याच्या कॅसरोलवरून मार्शमेलोऐवजी अक्रोड किंवा पेकान पसरा. मफिन मिक्समध्येही चरबी कुठली आहे ते वाचा. मश्रूम सूप नावावरून शाकाहारी वाटतं तरी प्रत्येक ब्रँडची यादी वेगळी. आणि पॉटलकला कोणाला गव्हाची ॲलर्जी असेल तर सांगून ठेवा की नेहमीच्या क्रीम सूपमध्ये आणि सोया सॉसमध्ये गहू असतो.

पातळ झालंच तर, किंवा कोरडं

ओव्हनमध्ये जायच्या आधी मिश्रण पातळ दिसलं तर उपाय सोपा आहे, एक टेबलस्पून कॉर्न स्टार्च दोन टेबलस्पून थंड दुधात कालवून त्यात मिसळा, बुडबुडे येईपर्यंत भाजलं की घट्ट होतं. भाजून झाल्यावर पातळ दिसलं तर फॉइल काढून १० ते १५ मिनिटं अजून ठेवा, आणि बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावू नका. गरम असताना सॉस पातळच दिसतो, निवताना स्टार्च आवळून येतो, लोक इथे घाई करतात आणि उगाच हताश होतात. अंड्याचं कॅसरोल असेल तर स्टार्च घालू नका, फक्त वेळ द्या.

कोरडं वाटलं तर पाव कप दूध किंवा बाजूला ठेवलेलं पाणी कडेने सोडा, फॉइल लावा, पाच-दहा मिनिटं. पण ते आधी गरम करून घ्या, काचेच्या तापलेल्या भांड्यात फ्रीजमधलं थंड दूध ओतलं तर भांडं तडकू शकतं.

काढलेल्या पाण्याचं आणि उरलेल्या कॅनचं

छोल्यांचं पाणी फेकू नका, ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेटता येतं, व्हीगन बेकिंगवाले त्याला अक्वाफाबा म्हणतात, आणि काही नाही तर आमटीत घाला, मीठ हिशोबात धरून. मक्याचं पाणी सूपला छान. ग्रीन बीन्सचं आणि मश्रूमचं मी सरळ टाकून देतो. अर्धा कॅन उरला तर कॅनमध्ये न ठेवता काचेच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यात काढून फ्रीजमध्ये, भाज्या आणि बीन्स ३ ते ४ दिवस, टोमॅटो, अननस असे आंबट ५ ते ७ दिवस.

फुगलेला कॅन, गळणारा कॅन, शिवणीवर खोल चेपलेला कॅन किंवा उघडताना आतून जोरात फवारा उडाला तर चव बघायचीसुद्धा नाही, थेट कचऱ्यात. बोट्युलिझमचा (खराब कॅनमधून होणारी जीवघेणी विषबाधा) विषार डोळ्याला दिसत नाही आणि वासाने कळेलच असं नाही. युनिव्हर्सिटीच्या फूड पँट्रीमधून (गरजूंना फुकट किराणा देणारी सोय) कॅन घेणाऱ्या मुलांनी तारखेची फार धास्ती घेऊ नये, "बेस्ट बाय" ही चवीची तारीख असते, कॅन धड असेल तर भाज्या, बीन्स वर्षानुवर्षं टिकतात, पण कॅनचा आकार मात्र नीट बघून घ्या.

पॉटलकला टेबलावर कॅसरोल दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, उन्हाळ्यात बाहेर पिकनिकला ९० डिग्री फॅरनहाइटच्या वर तापमान असेल तर एकच तास. उरलेलं खोलगट डब्यात गच्च न भरता पसरट डब्यात काढा म्हणजे लवकर गार होतं, ३-४ दिवसात संपवा, आणि परत गरम करताना मध्यभागी १६५ डिग्री फॅरनहाइट झालं पाहिजे, थर्मामीटर नसेल तर मधोमध वाफा येईपर्यंत गरम करा. फ्रीजमधून काढल्यावर सॉस आळून गोळा झालेला असतो, एक-दोन चमचे दूध घालून गरम केला की परत मोकळा होतो.